निसर्गाचे सौंदर्य हा ईश्वराचा पुरावा मानता येईल काय?

प्रश्न : रावपुऱ्याची लेक

गेल्या महिन्यात वडिलांना घेऊन वडोदऱ्याहून गरुडेश्वरला गेले होते. टेंबे स्वामींच्या समाधीचे दर्शन झाल्यावर आम्ही नर्मदेच्या घाटावर बसलो. धुके विरत होते आणि पलीकडचा काठ हळूहळू दिसू लागला होता. एरवी मोजकेच बोलणारे वडील तेव्हा म्हणाले, "देव आहे का, असे विचारणाऱ्याला इथे आणून बसवावे." मला ते त्या क्षणी पूर्णपणे पटले.

घरी आल्यावर मात्र मन अडखळले. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीचे पाणी आमच्या नातलगांच्या तळमजल्यात शिरले होते आणि आम्ही सर्वांनी मिळून कित्येक दिवस तिथला चिखल उपसला होता. तीही नदीच. नर्मदेच्या काठावर मला देव दिसतो आणि पुरात दिसत नाही, तर मी ज्याला पुरावा म्हणते ती केवळ माझ्या मनाची प्रसन्नता तर नाही ना? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर : निवृत्त जीवशास्त्र शिक्षक

ताई, आपण दत्तस्थानी जाऊन आलात, म्हणून उंबराविषयीच लिहितो. क्वचित भेटणाऱ्या माणसाला आपण 'उंबराचे फूल' म्हणतो, पण उंबराला फुले भरपूर येतात. ती फळाच्या आत असतात. खोडावर लगडलेले एखादे कच्चे फळ उभे चिरून भिंगाखाली धरा. आतल्या बाजूस तोंड करून बसलेली शेकडो बारीक फुले दिसतील. फळाच्या टोकाशी खवल्यांनी जवळजवळ बंद केलेले एक छिद्र असते. त्यातून एक चिमुकली गांधीलमाशी आत शिरते आणि शिरताना बहुधा तिचे पंख तुटतात. बरोबर आणलेले पराग ती फुलांवर पसरते, काही फुलांत अंडी घालते आणि तिथेच मरते. पुढच्या पिढीतले बिनपंखी नर आधी बाहेर येतात, माद्यांशी त्यांचे मीलन होते आणि मग ते फळाची भिंत पोखरून माद्यांना वाट करून देतात. उंबराच्या कुळातली झाडे आणि या माश्या यांची सोबत सुमारे साडेसात कोटी वर्षांची असावी, असे संशोधक मानतात.

१८०२ मध्ये इंग्रज धर्मशास्त्रज्ञ विल्यम पेली यांनी युक्तिवाद केला की, माळावर घड्याळ सापडले तर घड्याळजी असलाच पाहिजे; सृष्टीचेही तसेच आहे. मात्र १८५९ मध्ये डार्विन यांनी नैसर्गिक निवडीचा सिद्धांत मांडल्यावर अशी रचना कारागिराविनाही घडू शकते, हे स्पष्ट झाले. जिवंत अळीच्या शरीरात आपली पिल्ले वाढवणाऱ्या गांधीलमाश्या एखाद्या दयाळू ईश्वराने हेतुपुरस्सर निर्माण केल्या असतील, हे मला पटत नाही, असे डार्विन यांनी १८६० मधील एका पत्रात लिहिले आहे. आपला पुराचा प्रश्न याच जातीचा आहे. मी स्वतः उंबराला नमस्कार करतो, पण त्याला पुरावा म्हणत नाही.

उत्तर : एक वारकरी

सर, यंत्रणा कळली म्हणून कर्ता नाहीसा होत नाही. भाकरी कशी फुगते हे समजल्यावर आई नव्हतीच, असे कोणी म्हणत नाही.

उत्तर : दांडियाबाजार, संस्कृतचा विद्यार्थी

वारकरी महोदयांचे म्हणणे मनाला भिडणारे आहे, परंतु भाकरी करताना आईला आपण पाहिलेले असते, सृष्टी घडवताना मात्र कोणालाही पाहिलेले नाही. अडचण नेमकी इथेच येते. नैयायिकांचे, म्हणजे न्यायदर्शन मानणाऱ्यांचे, अनुमान असे होते की घट (मडके) हे कार्य, म्हणजे घडवलेली वस्तू आहे, म्हणून त्याला कुंभार आहे; पृथ्वी, अंकुर हीही कार्ये आहेत, म्हणून त्यांनाही कर्ता आहे. यावर बौद्ध आचार्य धर्मकीर्ती यांचा आक्षेप मला आजही बिनतोड वाटतो. मातीला आकार आला एवढ्यावरूनच कुंभार सिद्ध होणार असेल, तर वारूळही कुंभारानेच केले असे म्हणावे लागेल.

आस्तिकांमध्येही एकमत नाही. ब्रह्म इंद्रियांचा विषय नसल्यामुळे जगाशी असलेला त्याचा संबंध पाहून अनुमान करता येत नाही, त्यासाठी श्रुतीच, म्हणजे वेदवचनच प्रमाण, असे शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रांच्या भाष्यात म्हटले आहे. ज्यांनी जन्मभर ब्रह्मच प्रतिपादन केले, त्यांनीच केवळ अनुमानावर भिस्त ठेवली नाही, हे मला फार महत्त्वाचे वाटते.

आपल्या गावाचे नाव 'वटोदर', म्हणजे वडाचे पोट, यावरून आले असे मानतात. छांदोग्य उपनिषदात उद्दालक आपल्या मुलाला, श्वेतकेतूला, वडाचेच फळ आणून फोडायला सांगतात, मग त्यातले बी फोडायला सांगतात आणि काय दिसते असे विचारतात. "काहीच नाही," असे मुलगा सांगतो. त्या न दिसणाऱ्या सूक्ष्मातूनच हा एवढा वृक्ष उभा आहे, असे वडील म्हणतात आणि श्रद्धा ठेव असेही सांगतात. तिथे सौंदर्याचा उल्लेखही नाही. ताई, आपल्या वडिलांना घाटावर आली ती प्रचीती होती, असे मी म्हणेन. ती खोटी ठरवण्याचा अधिकार पुराला नाही. पण तिच्या बळावर दुसऱ्याला निरुत्तर करण्याचा अधिकार आपल्यालाही मिळत नाही.

रावपुऱ्याची लेक

सर्वांची मनापासून आभारी आहे. काल गल्लीतल्या उंबराचे फळ चिरून वडिलांना भिंगातून दाखवले. बराच वेळ पाहून त्यांनी विचारले, "म्हणजे वाट करून देणाऱ्याला उजेड दिसतच नाही?" सर, याचे उत्तर आपणच द्यावे.

निवृत्त जीवशास्त्र शिक्षक

बहुतेक नर आतच मरतात. भिंत पोखरताना काही बाहेर पडतात, पण त्यांना पंख नसतात आणि डोळेही अगदी क्षीण असतात. काकांना माझा नमस्कार सांगा.