आईचा गुडघा बदललाय, रविवारी दुपारी बागेत आणि थोडं चालायला कुठे न्यावं?

घणसोलीकर:
नमस्कार मंडळी. माझी आई दाभोळ खाडीकाठच्या आमच्या गावाहून डिसेंबरात इकडे नवी मुंबईत आली. उजवा गुडघा बदलला. फिजिओथेरपीवाल्या मॅडम म्हणतात, आता सपाट जागेवर रोज अर्धा तास चालवा. सोसायटीत पार्किंगमधून फेऱ्या मारून ती कंटाळली आहे. परवा म्हणाली, "अरे, माणूस चालतो तो कुठंतरी जायला. मी कुठं जातेय?" त्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

येत्या रविवारी रंगपंचमी, खाली रंगांचा धुमाकूळ असणार, म्हणून दुपारचं बाहेर पडायचं ठरवतोय. मी, बायको, पाच वर्षांची लेक आणि आई. लेकीला मोकळं पळायला हवं. आईला सपाट वाट, पाठ टेकायला बाक आणि जवळ स्वच्छतागृह.

मागच्या रविवारी एका मोठ्या बागेत गेलो होतो, भर दोन वाजता. बाक तापलेले, स्वच्छतागृहाला कुलूप. आई काही बोलली नाही. घरी आल्यावर बायकोला कळलं की तिने सकाळपासून पाणीच घेतलं नव्हतं, बाहेर अडचण नको म्हणून. ते मनातून जात नाही. म्हणून यावेळी आधी विचारतोय.

वाशी_सेक्टर१५:
लेकीसाठी म्हणाल तर नेरुळचं वंडर्स पार्क, सेक्टर १९ अ. जगातल्या आश्चर्यांच्या प्रतिकृती आहेत, छोटी आगगाडी आहे. पण रविवारी संध्याकाळी तिथे इतकी पोरं पळत असतात की नव्या गुडघ्याला धक्का लागायची भीती. मधल्या वारी जमलं तर बघा.

ठाणेकर_जुना:
येऊर कोणी सुचवलं तर ऐकू नका. जंगल सुंदर आहे, पण चढ-उतार आणि दगडगोटे, हे वर्ष तरी नाही. घोडबंदर रोडला ओवळ्याची फुलपाखरांची वाडी आहे, तीही सकाळची जागा. कोवळं ऊन अंगावर घेऊन फुलपाखरं उडायला लागतात ते बघण्यासारखं असतं, दुपारी ती मजा नाही. कोलशेतला २०२४ साली मोठं पार्क झालंय, वीसेक एकर, वाटा चांगल्या आहेत. तिकीट आहे, रविवारी रांग लागते. आईंना रांगेत उभं करू नका.

नेरुळ_काठ:
दादा, आईंनी पाणी घेतलं नाही हे वाचून राहवलं नाही. माझे सासरे ८१ वर्षांचे, पक्षाघातानंतर काठी घेऊन चालतात. चार वर्षं झाली, आठवड्यातून तीनदा तरी नानांना 'ज्वेल'ला नेते. ज्वेल ऑफ नवी मुंबई, नेरुळ सेक्टर २६, पाम बीच रोडला लागून.

पाण्याच्या कडेने वाट आहे. लोक त्याला तलाव म्हणतात, पण तो धारण तलाव. नवी मुंबईची बरीच जमीन भरतीच्या पातळीपेक्षा खाली, म्हणून सिडकोने डच पद्धतीने असे तलाव राखले. पावसाचं नाल्यांचं पाणी यात येऊन थांबतं. भरती चढली की खाडीच्या रेट्याने तलावाच्या तोंडाशी असलेल्या झडपा आपोआप मिटतात, ओहोटीला उघडतात आणि साठलेलं पाणी खाडीत जातं. वर्षानुवर्षं गाळ बसला, त्यात तिवरं उगवली. त्यामुळे एका हाताला बाग आणि दुसऱ्या हाताला चक्क खाडी. दाभोळच्या माणसाला हे आवडेल, नक्की.

चारच्या आधी जाऊ नका. तोवर खाडीवरून वारा सुटलेला असतो. पूर्ण फेरीचा हट्ट नको, अर्ध्यावर पाय थकला तर तेवढंच अंतर परतायचं असतं. आम्ही मिनिटं मोजत नाही, बाक मोजतो. "नाना, आज दोन बाक पुढे." बसायचं, श्वास घ्यायचा, मग पुढचा बाक. काही ठिकाणी पेव्हर ब्लॉक उचकटलेले आहेत, तिथे तुम्ही आईंच्या ऑपरेशनच्या बाजूने चाला. आणि पोहोचल्या पोहोचल्या तुम्ही स्वतः जाऊन स्वच्छतागृह उघडं आहे का बघून या आणि आईंना तसं सांगा. सांगितलं की पाणी पितात. नानांचंही तेच होतं.

भरतीची वेळ जुळली तर आधी डीपीएस शाळेमागच्या तलावावर दहा मिनिटं थांबा. ठाणे खाडी २०१५ पासून रोहित पक्ष्यांचं, म्हणजे फ्लेमिंगोंचं, अभयारण्य आहे, २०२२ मध्ये महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीतही आली. भरतीला तिथला चिखल पाण्याखाली जातो, मग रोहित या बाजूच्या उथळ पाण्यात येऊन उभे राहतात. मार्चमध्ये भरपूर असतात. वेळ मोबाइलवर मिळते.

घणसोलीकर:
जाऊन आलो. ताई, तुमचे आभार कसे मानू?

निघताना भरती बघायला मोबाइल काढला, तर आई आतून म्हणाली, "आज पंचमी ना? मग पावणेचार." तिथीची पाऊणपट केली की भरतीचा तास निघतो, आमच्याकडे होडीवाले असंच काढतात. पाचाची पाऊणपट पावणेचार. मोबाइलवरची वेळ थोडीशीच पुढे होती.

सव्वाचारला डीपीएसला पोचलो. पाण्यात गुलाबी रांग उभी होती, बरेच एका पायावर. लेक तिथेच एका पायावर उभी राहिली आणि आई काठी धरून हसत होती. डिसेंबरापासून तिला असं हसताना पाहिलं नव्हतं.

मग ज्वेल. आधी स्वच्छतागृह बघून आलो, उघडं होतं. आईला सांगितलं. तिने बाटली मागून घेतली आणि अर्धी संपवली. बायकोने माझ्याकडे बघितलं, आम्ही दोघंही काही बोललो नाही.

तिसऱ्या बाकाजवळ तिवराची एक डहाळी वाटेवर झुकली होती. आईने एक पान हातात धरलं, त्यावरून बोट फिरवलं आणि लेकीपुढे धरलं. बोटावर बारीक पांढरे कण. "चाटून बघ." लेकीने जिभेला लावलं आणि ओरडली, "आजी, मीठ!" मग आईने तिला सगळं सांगितलं, मुळातून खारं पाणी येतं, झाड मीठ पानावाटे बाहेर टाकतं, आणि चिखलातून वर आलेल्या त्या पेन्सिलींसारख्या मुळ्यांनी श्वास घेतं. मी त्या खाडीकाठी वाढलो, मला यातलं निम्मं माहीत नव्हतं.

सहा बाक चाललो. बसून बसून पाऊण तास लागला. दुसऱ्या दिवशी सूज नव्हती, मॅडमना विचारून घेतलं. पुढच्या रविवारी आठ बाक, हे आईनेच ठरवलंय. फक्त त्या दिवशी द्वादशी, भरती नऊला, तेव्हा दुपारी रोहित मिळायचे नाहीत असं लेकीला तिने आत्ताच सांगून ठेवलंय.