४९८अ ची केस मीच केली होती, आता मिटलंय. मागे कशी घ्यायची?

रानजाई
नमस्कार. २०२२ मध्ये मी सांगलीत नवरा, सासूबाई आणि नणंद यांच्यावर केस केली. कलमं ४९८अ (सासरचा छळ), ३२३ (मारहाण), ५०४ (अपमान), ५०६ (धमकी). तेव्हा जे झालं ते खरंच झालं होतं, त्यातला शब्दही मी खोटा म्हणणार नाही. पण मिडिएशनच्या चार बैठका झाल्या, दोन्हीकडची मोठी माणसं बसली आणि संमतीने वेगळं व्हायचं ठरलं. मूल नाही. रक्कम ठरली आहे, स्त्रीधन परत यायचंय.

मागच्या तारखेला सासूबाई कोर्टाचा जिना चढताना कठडा धरून दोनदा खाली बसल्या. गुडघे पार गेलेत त्यांचे. ते बघून मला रात्रभर झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी अर्ज घेऊन पोलीस ठाण्यात गेले, तर म्हणाले, "मॅडम, चार्जशीट गेलंय, आता आमच्या हातात नाही." नवऱ्याच्या ओळखीतले एकजण सांगतात, साक्षीला उभी राहा आणि 'काही आठवत नाही' म्हण, सुटतील सगळे. असं करावं का? कुणी यातून गेलं असेल तर कृपया सांगा. वकील निवडताना काय बघू?

मिरजकर
ताई, मी फौजदारी वकिली करतो. पहिली गोष्ट, साक्षीत फिरू नका. शपथेवर खोटं बोलणं हा वेगळा गुन्हा आहे, आणि त्या दिवसापर्यंत सासूबाईंच्या तारखा चालूच राहणार.

३२३, ५०४, ५०६ ही कलमं खालच्या कोर्टात तडजोडीने मिटू शकतात. ४९८अ आपल्याकडे मिटत नाही, म्हणून तुमचा अर्ज चालला नाही. त्यासाठी उच्च न्यायालयात जाऊन केस रद्द करून घ्यायची, बोलीभाषेत 'क्वॉश'. पूर्वी हा अर्ज फौजदारी प्रक्रिया संहितेच्या ४८२ खाली व्हायचा. १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं ५२८ कलम लागतं. नवरा-बायकोच्या वादात खरी तडजोड झाली असेल तर उच्च न्यायालय केस रद्द करू शकतं, हे सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये बी. एस. जोशी आणि २०१२ मध्ये ग्यान सिंग प्रकरणात सांगितलंय. तरी तो कोर्टाचा अधिकार आहे, आपोआप होत नाही. सांगलीकरांना आता मुंबई गाठायला नको, ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच आहे.

अर्ज तुम्ही करायचा नाही, आरोपींनी करायचा. तुम्ही प्रतिवादी म्हणून हजर राहून संमतीचं प्रतिज्ञापत्र द्यायचं. तिन्ही आरोपींची नावं अर्जदारांत आहेत ना, हे स्वतः डोळ्यांनी बघा. माझ्याकडे एक प्रकरण आलं होतं, त्यात फक्त नवऱ्याने अर्ज केला आणि त्याचीच केस रद्द झाली. नणंद वर्षभर तारखांना येत राहिली.

अबोली
रानजाई, मी दोन वर्षांपूर्वी यातून गेले. माझी चूक सांगते, तुझी होऊ नये.

आमची कन्सेंट टर्म्स, म्हणजे तडजोडीच्या अटींचा कागद, इंग्रजीत होती. वकील म्हणाले, नेहमीचाच मजकूर आहे, सही करा. मी केली. घरी येऊन भावाने वाचलं, तर त्यात 'स्त्रीधन मिळाले' असं लिहिलेलं! तोवर हातात एक ताटवाटीही आली नव्हती. पुन्हा टाईप करून घेताना तीन आठवडे गेले. सही करण्याआधी ओळ न् ओळ मराठीत समजावून घे. दागिने वजनासकट लिही, भांडी, कपाट, लग्नातल्या साड्या, सगळं. आणि वस्तू ताब्यात घेताना फोटो काढ.

पैसे टप्प्याने बांध. आमचं असं होतं: काही संमतीच्या घटस्फोटाचा अर्ज दाखल होताना, काही केस रद्द व्हायच्या दिवशी, उरलेले घटस्फोटाच्या शेवटच्या तारखेला. डिमांड ड्राफ्ट तीनच महिने चालतो, तारीख पुढे गेली तर नवा काढायला लाव.

कोर्टात न्यायाधीशांनी मला पुढे बोलावलं. आधार कार्ड बघितलं आणि मराठीत विचारलं, "कुणाच्या दबावाखाली सही केली नाही ना? पैसे मिळाले?" मी हो म्हणाले आणि हुंदका फुटला. त्यांनी पाणी द्यायला सांगितलं आणि पुन्हा, सावकाश, तोच प्रश्न विचारला. त्यांनी घाई केली नाही हे मी विसरणार नाही. तुला रडू आलं तर येऊ दे.

नदीकाठ
हैदराबादला माझ्या मावसबहिणीची ४९८अ खालच्याच कोर्टात मिटली. इथे का नाही?

मिरजकर
आंध्र प्रदेशाने २००३ मध्ये स्वतःपुरती दुरुस्ती केली होती, कोर्टाच्या परवानगीने तिथे तडजोड होऊ लागली. तेलंगण वेगळं झालं तरी तिथे ती चालू राहिली. महाराष्ट्रात उच्च न्यायालयाचाच रस्ता आहे.

तळटीप
दोन गोष्टी. वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. बाईला तिथे उत्पन्नाची अट नसते, वकील मोफत मिळतो. आणि संमतीच्या घटस्फोटात सहा महिने थांबावं लागतं, पण तुम्ही बराच काळ वेगळे राहत असाल आणि सगळे हिशेब मिटले असतील तर ती मुदत माफ करण्याचा अर्ज देता येतो. २०१७ पासून कोर्टं ते मान्य करतात.

वकील निवडताना तुमचा वकील तुमचाच असू द्या. 'दोघांचं मिळून एकच बघतो' म्हणणारा नको.

मिरजकर
हे राहिलं: निकालाची प्रमाणित प्रत खालच्या कोर्टात आणि पोलीस ठाण्यात दोन्हीकडे पोचवा, पोच घ्या. नाहीतर तिथे केस बोर्डावर तशीच राहते आणि गैरहजेरीचं वॉरंट निघू शकतं. घरगुती हिंसाचाराचा अर्ज किंवा पोटगीची केस वेगळी चालू असेल तर ती त्या त्या कोर्टातून मागे घ्यायची, क्वॉशमध्ये ती आपोआप जात नाही.

रानजाई
सगळ्यांचे मनापासून आभार. पोटगीची केस आहे, ती मी विसरलेच होते. अबोलीताई, तुमचं वाचून कन्सेंट टर्म्सचा मसुदा काढून बसले. दागिन्यांपुढे नुसतं 'सोन्याचे दागिने' लिहिलंय, वजन नाही. उद्या सकाळी विधी सेवा प्राधिकरणात जाते. आणि नवऱ्याला आत्ताच मेसेज केला की अर्जात आईंचं आणि ताईंचं नाव आहे का ते वकिलांना विचार.