सध्या काय वाचूलास? सीमाभागातल्या वाचकांचा धागा

नमस्कार मंडळी. हिवाळ्यात कडोली, उचगाव, येळ्ळूर, कुद्रेमानी अशी एकामागून एक साहित्य संमेलनं होतात. ग्रंथदिंडी निघते, मंडपाबाहेर पुस्तकांचे स्टॉल लागतात, आपण पिशवी भरून घरी येतो. पुढं ती पुस्तकं वाचली का, कशी वाटली, हे मात्र कुणी कुणाला सांगत नाही. १८४८ पासून सार्वजनिक वाचनालय असलेल्या गावात हे बरं दिसत नाही. म्हणून हा धागा.

नुसतं नाव लिहून जाऊ नका. कुठवर आलात, काय भिडलं, काय पटलं नाही आणि ते पुस्तक कुणाच्या हातात द्याल ते सांगा. कन्नड वाचत असाल तर तेही हवंच.

माझ्यापासून सुरुवात करते. उशाशी इंदिरा संतांचं ‘गर्भरेशीम’ आहे. रात्री एक कविता मोठ्यानं वाचायची आणि तीच सकाळी चहा होईपर्यंत पुन्हा, अशी सवय लावून घेतली आहे. इंदिराबाईंचा जन्म १९१४ चा, इंडीचा, पण आयुष्य गेलं ते आपल्या बेळगावात, शिकवण्यात. १९४६ साली नारायण संत गेले तेव्हा मुलं लहान होती. एवढं सांगून ‘विरहाची कवयित्री’ असा शिक्का मारून लोक मोकळे होतात, ते मला अजिबात मान्य नाही. त्या कवितांत घर आहे, अंगण आहे, पाऊस आहे, नोकरी करून घर ओढणाऱ्या बाईची करडी नजर आहे. रडून मोकळं होणं तिला मंजूरच नाही. १९८४ साली या संग्रहाला साहित्य अकादमी मिळाली, पण पहिल्यांदा वाचणाऱ्यानं ‘मेंदी’ आधी घ्यावं. तिथून ‘मृगजळ’, ‘रंगबावरी’ असं करत इकडं यावं. घाईत वाचणाऱ्याला मी हे पुस्तक देणार नाही.

आता तुम्ही लिहा.

वडगाव, बेळगाव (पॉवरलूम)

ताई, तुम्ही आईचं लिहिलंत, मी मुलाचं लिहितो. प्रकाश संतांचा लंपन. आमच्याकडं माग चालू असला की शेजारचा माणूस काय बोलतोय तेसुद्धा ऐकू येत नाही, मग वाचन कुठलं. रात्री माग बंद झाला की कान थोडा वेळ तसेच गुणगुणत राहतात. ते शांत झाले की मी पुस्तक काढतो. बायको दुसऱ्या दिवसाच्या कांड्या भरत बसलेली असते. ती म्हणते, मनात नको, मोठ्यानं वाचा. तसं करत ‘वनवास’ आणि ‘शारदा संगीत’ झालं, आता ‘पंखा’ चाललंय. ‘झुंबर’ शेवटी ठेवलंय, तुम्हीही शेवटीच वाचा. क्रम मोडू नका, पोरगं पुस्तकागणिक मोठं होत जातं.

२०२४ साली वेब सिरीज आली तेव्हा थोरल्यानं ती मोबाईलवर बघून संपवली. मग विचारतो, बाबा, हे पुस्तकात आहे काय? मी म्हटलं, पुस्तकात आहे ते सगळं सिरीजमध्ये कुठलं मावणार. मनातल्या मनात तो लंपन जे बोलत असतो ना, ते वाचायलाच पाहिजे. एक वाक्य सुरू होतं आणि पोराचं डोकं जिकडं पळेल तिकडं पळत जातं. मधेच कन्नड येतं, त्याचं आम्हाला काहीच वाटत नाही. आमच्या गल्लीत असंच बोलतात. बायकोला सुमी आवडते. मला आजोबा.

हे पुस्तक मी पाचवी-सहावीच्या पोरांच्या आईबापांना देईन. पोरांना नंतर.

निपाणी

बिडी कामगार बाईची मुलगी आहे मी, सध्या एका पतसंस्थेत नोकरी करते. महादेव मोरे वाचतेय. निपाणीबाहेर हे नाव फार जणांना ठाऊक नाही, याचं मला वाईट वाटतं. मोरे काकांची इथं पिठाची गिरणी होती. गिरणी चालवत त्यांनी आयुष्यभर लिहिलं. टॅक्सीवाले, गॅरेजमधली पोरं, ड्रायव्हर, तंबाखूच्या वखारीतल्या बायका, सगळी निपाणीची माणसं. २०२४ च्या ऑगस्टमध्ये ते गेले.

माझी आई वखारीतून आली की दारातच लुगड्याचा पदर झटकायची. ती भुकटी उन्हाच्या कवडशात उडताना दिसायची आणि घरातल्या सगळ्यांना शिंका. नाकाला बांधलेलं फडकं ती रोज धुवायची, तरी त्याचा पिवळा डाग गेला नाही. हे मी कधी कुणाला सांगितलं नव्हतं, सांगण्यासारखं काय आहे असं वाटायचं. मोरे काकांच्या गोष्टी वाचल्यावर पहिल्यांदा वाटलं, हे लिहिण्यासारखं आहे. त्यांच्या बायका बिचाऱ्या नाहीत. भांडतात, हिशेब मागतात, शिव्या देतात, एकमेकींचं पोर सांभाळतात.

‘एकोणिसावी जात’पासून सुरुवात करा. आणि ज्यांना १९८१ चं तंबाखू आंदोलन नुसतं ऐकून माहीत आहे, शेतकरी हायवेवर बसले होते, शरद जोशी आले होते, गोळीबार झाला, त्यांनी तर हे वाचाच. आंदोलनाची बातमी पेपरात सापडेल. पण तंबाखू पिकवणारे आणि तो चाळणारे कसे राहायचे, ते सापडायला मोरे काकाच लागतात.

पुस्तकं सहज मिळत नाहीत. आमच्याकडं अर्जुननगरला कॉलेज आहे ते महाराष्ट्रात, घर कर्नाटकात. तिथल्या ओळखीच्या मुलींकडून मागवून वाचते.

संकेश्वर

निपाणीच्या ताई, तुमचं वाचून लिहावंसं वाटलं. मी राजन गवसांचं ‘चौंडकं’ संपवून ‘भंडारभोग’ घेतलंय. ‘जोगवा’ सिनेमा २००९ चा, तो या दोन कादंबऱ्या आणि चारुता सागरांची ‘दर्शन’ कथा यांवरून केला. सिनेमा बघून मी पुस्तकाकडं आलो आणि हादरलो. सिनेमात सुली आणि तायाप्पा एकत्र भेटतात. पुस्तकात दोघांची दोन वेगळी आयुष्यं आहेत, आणि सिनेमात मिळतो तो दिलासा तिथं नाही.

आमच्या गावावरून मार्गशीर्ष पुनवेला सौंदत्तीच्या यल्लम्माला गाड्या जातात. लहानपणापासून ‘उदं गं आई उदं’ ऐकत आलोय, हळदीनं पिवळे झालेले ट्रॉलीतले लोक बघत आलोय. देवीला मुली सोडण्यावर कर्नाटकात १९८२ सालीच कायद्यानं बंदी आली. पण केसात जट दिसली की घरात काय होतं, पहिल्यांदा कोण घाबरतं, कोण गप्प बसतं, हे गवसांनी जसं लिहिलंय तसं मी कुठंच वाचलं नाही. भक्तीची टिंगल ते कुठंही करत नाहीत. म्हणूनच ते जास्त लागतं.

कॉलेजातल्या मुलामुलींना द्या. घरातल्या मोठ्यांनाही द्या, पण सोबत बसून बोलायची तयारी ठेवा.

येळ्ळूर (शेती)

मी सावकाश वाचणारा माणूस. भाताची मळणी झाली की हातात वेळ येतो, तेव्हा एक पुस्तक. सध्या ‘झोंबी’ वाचूलोय. आनंद यादव कागलचे, म्हणजे आमच्यापासनं लांब नाहीत. बाप शाळेतनं काढतोय आणि पोरगं शाळेसाठी झगडतंय. माझा बाप तसा नव्हता, पण माझ्या वर्गातले निम्मे असेच सुटले. ऊस, मोट, पाण्याची पाळी, यातलं एक अक्षर खोटं नाही. शहरातल्या लोकांनी शेतीवर लिहिलेलं मला पटकन कळतं, पाऊस फार सुंदर पडतो त्यात.

चिक्कोडी तालुका

आमच्या घरात एकच कादंबरी दोघी दोन भाषांत वाचतोय. माझं शिक्षण सगळं कन्नड माध्यमात झालं, त्यामुळं भैरप्पांचं ‘पर्व’ मी कन्नडमध्ये. आई मराठी शाळेतली, ती उमा कुलकर्णींचा अनुवाद घेऊन बसलीय. जेवताना आमची कुंती आणि द्रौपदीवरून वादावादी होते. आईचं म्हणणं, या कादंबरीत देव नाहीत म्हणून माणसं जास्त थकलेली वाटतात. वनवास, म्हातारपण, पोरं गमावणं, सगळं माणसाच्या अंगाला लागतं तसं लागतं. मला युद्धाची तयारी जास्त आवडली. कोण कुणाच्या बाजूनं आणि का, धान्य कुठून आणायचं, माणसं कशी गोळा करायची.

उमाताई मूळच्या बेळगावच्या. ‘संवादु अनुवादु’ हे त्यांचं आत्मकथन ‘पर्व’च्या आधी वाचलं तरी चालेल. यजमान विरूपाक्ष कन्नड पुस्तक वाचून दाखवणार आणि त्या ऐकून मराठी लिहिणार, अशी त्यांची पद्धत. ‘वंशवृक्ष’च्या अनुवादाला साहित्य अकादमी मिळाली ती या अशा घरगुती बैठकीतून. आपल्याकडं किती घरांत एकाला एक लिपी येते, दुसऱ्याला दुसरी. दोघांनी मिळून बसलं तर काय होऊ शकतं, ते यात दिसतं.

खानापूर, जांबोटी भाग (प्राथमिक शिक्षक)

पावसाळ्यात आमच्याकडं पुस्तक फुगतं. पानं चिकटतात, पुठ्ठ्याला बुरशी धरते. शाळेची पुस्तकं मी पत्र्याच्या ट्रंकेत कडुलिंबाचा पाला घालून ठेवतो आणि ऊन पडलं की व्हरांड्यात उभी करून पसरतो. ते बघून पोरंच विचारतात, सर, यातलं कुठलं वाचणार? सध्या वर्गात ‘बखर बिम्मची’ वाचून दाखवतोय. जी. ए. कुलकर्णी म्हटलं की मोठी माणसं दबकतात, पण बिम्म पोरांचा लगेच दोस्त होतो. काही पोरांच्या घरी कोकणी, काहींच्या कन्नड, त्यांना एखादा शब्द अडतो. मी अर्थ सांगत नाही, पुढं वाचत जातो. चार ओळींनी त्यांचं त्यांना कळतं.

स्वतःसाठी पूर्णचंद्र तेजस्वींचं ‘कर्वालो’, मराठीतून. उडता सरडा शोधायला निघालेला शास्त्रज्ञ, मधमाश्यांचा नाद लागलेला मंदण्णा आणि सगळं रान. जागा मलनाडची असली तरी भीमगडच्या रानात राहणाऱ्याला ते परकं वाटणार नाही. रानाची माहिती विद्यापीठाच्या माणसाइतकीच मंदण्णालाही आहे, हे कर्वालोंना मान्य आहे. मला या पुस्तकातलं तेच सगळ्यात आवडलं. चितमपल्लींचं ‘रानवाटा’ वाचून झालं असेल त्यांनी यानंतर हे घ्यावं.

राणी चन्नम्मा विद्यापीठ, एम. ए.

सर, जी. ए. निघालेच आहेत तर थोडं लिहिते. बेळगाव जिल्ह्यात १९२३ साली जन्म, नोकरी धारवाडला. ‘काजळमाया’ला १९७३ ची साहित्य अकादमी मिळाली आणि प्रकाशनाच्या तारखेवरून वाद झाल्यावर त्यांनी पुरस्कार परत केला, हे सगळ्यांना पाठ असतं. कथा मात्र कमी जणांनी वाचलेल्या असतात. लोक भीत भीत ‘रमलखुणा’ उचलतात. ‘प्रवासी’ आणि ‘इस्किलार’ या दोनच दीर्घ कथा, त्यात दमतात आणि पुस्तक ठेवून देतात. माझं सांगणं, ‘निळासावळा’, ‘पारवा’, ‘हिरवे रावे’ या वाटेनं जा. तिथं आपल्याकडची घरं, आपल्याकडची गरिबी, मास्तर, विधवा आत्या, भाड्याच्या खोल्या आहेत. मग ‘काजळमाया’. ‘माणसे : अरभाट आणि चिल्लर’ कधीही वाचा.

टिळकवाडी

माझी दृष्टी आता अधू झाली आहे. नात रोज संध्याकाळी वाचून दाखवते. ‘गणगोत’मधले ‘रावसाहेब’ तिला वाचायला लावले. पु. ल. बेळगावात प्राध्यापक होते त्या काळातली ती मैत्री. तिला रावसाहेबांचं बोलणं वाचता येईना, म्हणून मी ऐकवलं, तिनं मागून म्हटलं. आता ते तिच्या तोंडात बसलंय. पुण्याच्या नातवाला फोनवर ऐकवते.

कॅम्प, बेळगाव

बानू मुश्ताक यांच्या ‘हार्ट लॅम्प’ला २०२५ चं आंतरराष्ट्रीय बुकर मिळालं, तेव्हापासून पुस्तक घरात आहे. दीपा भास्ती यांचा इंग्रजी अनुवाद मी वाचला, अम्मीला कन्नडमधून थोडं थोडं वाचून दाखवते. ती मधेच थांबवते आणि म्हणते, ही तर आपल्या मोहल्ल्यातली गोष्ट. थांबून थांबून वाचा, सलग वाचलं तर फार जड होतं.

उचगाव, बी. कॉम. दुसरं वर्ष

सगळ्यांचा मान ठेवून एक बोलते. इथं बहुतेक पुस्तकं जुनी आली. जी. ए., इंदिराबाई वाचायलाच पाहिजेत, पण आत्ता लिहिणारी माणसंही आपल्या अंगणापर्यंत आलेली आहेत. मी सकाळच्या बसमध्ये कृष्णात खोतांचं ‘रिंगाण’ वाचते. २०२३ ची साहित्य अकादमी त्याला मिळाली. धरणासाठी गाव उठलं, माणसं दुसरीकडं गेली, एक म्हैस मागं राहिली आणि रानटी झाली. तिला शोधायला माणूस परत त्या रानात जातो. एवढीच गोष्ट. म्हैस आणि माणूस समोरासमोर येतात तिथं माझा स्टॉप गेला, पुढं उतरून चालत आले. उभ्यानं, एका हातानं दांडी धरून वाचण्यासारखं पुस्तक नव्हे हे.

किरण गुरवांचं ‘बाळूच्या अवस्थांतराची डायरी’ पुढचं. ते कुणाकडं आहे का? खेड्यातून शहरात शिकायला गेलेल्या मुलाचं आहे म्हणतात, ते मला आत्ताच पाहिजे.

खानापूर, जांबोटी भाग (प्राथमिक शिक्षक)

माझ्याकडं आहे. पुढल्या शनिवारी बेळगावला येणार आहे, वाचनालयात तुमच्यासाठी ठेवतो. बदल्यात ‘रिंगाण’ द्या. आमच्या भागातही लोकांना रान सोडायला सांगण्याच्या गोष्टी चालल्यात, पालकसभेनंतर चार जणांना त्यातलं एखादं प्रकरण वाचून दाखवीन म्हणतो.

येळ्ळूर (शेती)

सर, तुमच्या नंतर ते ‘रिंगाण’ मला. ‘झोंबी’ तोवर संपतंय.