कॉलेजच्या समुपदेशकाकडे गेलो तर घरी कळतं का? (घणसोली–ठाणे)

दिघ्याला_उतरलेला:
सेकंड इयर, मेकॅनिकल. घर घणसोलीत, कॉलेज ठाण्यात. दोन महिने झाले, लोकलने ऐरोली सोडली की छाती धडधडायला लागते, हात गार पडतात, वाटतं आता आपलं काही खरं नाही. मग दिघा गावला उतरतो, बाकड्यावर बसतो, दोन गाड्या सोडतो. तोवर पहिलं लेक्चर गेलेलं असतं. एम-थ्रीला, म्हणजे तिसऱ्या गणिताला, केटी आहे (नापास, पेपर परत द्यायचाय), अटेंडन्सचंही आता अवघड दिसतंय.

रात्री झोप लागली तरी तीनला मोडते. वडील माथाडी, वाशीच्या भाजी मार्केटला त्याच वेळी निघतात. माझी झोपमोड नको म्हणून लाइट न लावता अंधारात चपला चाचपडतात. मी जागाच असतो, पण डोळे मिटून पडून राहतो.

कॉलेजात समुपदेशक मॅडम येतात, मंगळवारी आणि शुक्रवारी. खोली एक्झाम सेलला लागून. दारात रजिस्टर: नाव, रोल नंबर, 'कामाचे स्वरूप'. मी गेलो होतो. कामाचे स्वरूप काय लिहावं सुचेना, 'केटी फॉर्म' लिहिलं आणि परत आलो. हसू नका.

मॅडमनी घरी फोन केला तर? प्लेसमेंटच्या वेळी हे कुठे दिसतं का? आणि आईला सांगू कसं? आमच्याकडे कुणी जरा वेगळं वागलं की एकच वाक्य, "ह्याला ठाण्याला टाका." मी तर रोजच ठाण्याला जातो!

कळवा_स्लो:
मी तिसऱ्या वर्षाला असताना गेलो होतो. पहिल्या दिवशी अर्धा वेळ पंख्याकडे बघत बसलो, मॅडमनी बसू दिलं. तिसऱ्या खेपेला तोंड उघडलं.

२०१७च्या मानसिक आरोग्य कायद्यात गोपनीयता हा हक्क आहे. तू अठरा पूर्ण आहेस, तेव्हा तुला न विचारता घरी फोन करायचा नसतो. तुझ्या किंवा दुसऱ्या कुणाच्या जिवाला धोका वाटला तर गोष्ट वेगळी. आत गेल्यावर आधी हेच विचार: माझी नोंद कुठे राहते, कोण वाचतं? उत्तर देताना चाचरल्या तर बाहेरचं कुणी बघ. मार्कशीटवर यातलं काही येत नाही.

रजिस्टरचा प्रकार चुकीचाच. ईमेलवर वेळ मागून बघ. १०० किंवा जास्त विद्यार्थी असतील तिथे समुपदेशक हवा, असं सुप्रीम कोर्टाने जुलै २०२५मध्ये सांगितलंय. ती खोली एक्झाम सेलला चिकटून नको, एवढं कळायला कोर्ट कशाला लागतं?

सह्याद्री६२:
पहाटे पळायला जा, मोबाईल बंद ठेव. आमच्या वेळी असलं काही नव्हतं.

दिघ्याला_उतरलेला:
काका, दिवाळीच्या सुट्टीत वडिलांबरोबर कांद्याच्या गोणी उचलल्यात. व्यायाम कमी पडला असं वाटत नाही.

निवृत्त_सिस्टर:
बाळा, मी ठाण्याच्या मनोरुग्णालयात नोकरी केली आहे. १९०१ सालचं आहे ते, म्हणून 'ठाण्याला टाका' पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय. पण लोक बघतात फक्त ते मोठं फाटक. ओपीडीत माणसं केसपेपर काढतात, डॉक्टरांशी बोलतात, गोळ्या घेऊन घरी जातात. कॉलेजची मुलंही असायची, बॅग मांडीवर घेऊन.

आधी तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे जा. ईसीजी आणि थायरॉइड बघून घे. छातीची तक्रार आहे, ती अंगावर काढायची नाही. तिथे सगळं ठीक निघालं तर हे पॅनिक अटॅक असू शकतात. ते साधारण दहा मिनिटांत शिगेला जातात आणि मग हळूहळू उतरतात. तू दोन गाड्या सोडतोस, तेवढ्यात उतरतात ना?

समुपदेशक गोळ्या देत नाहीत, बोलून मार्ग काढतात. गोळ्या मानसोपचारतज्ज्ञ देतात, त्याही लागतीलच असं नाही. लागल्या तर गुण यायला काही आठवडे जातात. चार दिवसांत बंद करून 'काही उपयोग नाही' म्हणणारे मी खूप पाहिलेत.

आज रात्री तीनला जाग आली तर १४४१६ लाव. सरकारची टेली-मानस सेवा आहे, फुकट, चोवीस तास, मराठीत. स्वतःला काही करून घ्यावं असं मनात येत असेल तर मात्र तीनची वाट बघू नकोस, आत्ता लाव आणि घरातल्या कुणाला तरी उठव.

दिघ्याला_उतरलेला:
सिस्टर, तसलं मनात नाही. परवा वडील कामाला निघाल्यावर जिन्यात बसून फोन लावला. पलीकडच्या ताईंनी आधी विचारलं, आत्ता कुठे बसलायस? का कुणास ठाऊक, तेवढ्यानेच रडू आलं. वीसेक मिनिटं बोललो.

ईसीजी नॉर्मल आला, थायरॉइडचा रिपोर्ट यायचाय. मॅडमना ईमेल केला, शुक्रवारी चारला बोलावलंय. रजिस्टर नाही, थेट या म्हणाल्या.

आईला पूर्ण नाही सांगितलं. "झोप लागत नाही, त्यासाठी एका मॅडमना भेटायचंय" एवढंच. तिने कुकरचं झाकण लावत विचारलं, कुठं?

म्हटलं, ठाण्याला.

म्हणाली, मग डबा नेशील ना?