मदत हवी आहे: लक्झरी क्लायंट छोट्या इंटिरियर फर्मकडे वळवायचे कसे?

कोपरा_खोली:
सरळ मुद्द्यावर येते. छोटी फर्म आहे, काम चांगलं आहे, पण मोठ्या बजेटची घरं मिळत नाहीत. वेबसाइट नवी केली, इन्स्टाग्रामवर रोज पोस्ट टाकते, दोन महिने जाहिरातीही चालवल्या. चौकशा ढिगाने येतात आणि सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच, 'स्क्वेअर फुटाला काय रेट?' अजून काय करायचं राहिलंय? जरा लवकर सांगा, पुढच्या महिन्याचं जाहिरातीचं बजेट ठरवायचंय. 'चांगलं काम करत राहा' छापाचे सल्ले नकोत, प्लीज.

फूटपट्टी:
छोटी म्हणजे किती माणसं? नुसतं डिझाइन देता की टर्नकी, म्हणजे किल्ली हातात देईपर्यंत सगळं काम? आतापर्यंतचं सगळ्यात मोठं काम कुठलं? यातलं काहीच लिहिलेलं नाही. साइट न दाखवता कोटेशन मागणाऱ्यांपैकीच झालं की हे.

बेधडक:
रेट दुप्पट करा. विषय संपला. स्वस्तात करणाऱ्याकडे पैसेवाला फिरकत नाही. मी केलं, चाललं.

फूटपट्टी:
@बेधडक, तुम्ही घरं करता का?

बेधडक:
लोगो करतो. तत्त्व तेच.

कोपरा_खोली:
तिघं आहोत. मी, एक ज्युनियर आणि साइट बघणारा मुलगा. टर्नकी. मोठं काम म्हणजे दोन वर्षांपूर्वीचा चार बेडरूमचा फ्लॅट. सगळं व्हिनियर (खऱ्या लाकडाचा पातळ पापुद्रा), पीयू पॉलिश, हॉलमध्ये इटालियन मार्बल. त्याचे फोटो नाहीत. आता जाहिरातीचं सांगा.

दगडू:
फोटो नाहीत म्हणजे??

कोपरा_खोली:
हँडओव्हरच्या घाईत राहिले. नंतर विचारलं तर क्लायंट नको म्हणाले. साइट चालू असतानाचे मोबाइलवर आहेत, पण त्यात नुसती धूळ आणि प्लायचे तुकडे.

दगडू:
अहो ताई, मग दुखणं तिथेच आहे. जाहिरात बघून माणूस वेबसाइटवर येतो आणि तिथे त्याला दोन बेडरूमची लॅमिनेटची घरं दिसतात. तो तेवढ्याच बजेटचा प्रश्न विचारणार.

फोटोची परवानगी करारातच घ्यायची. नाव, पत्ता, घरातली माणसं, त्यांच्या भिंतीवरची चित्रं यातलं काही दिसणार नाही, एवढं लिहून दिलं की बरेच जण तयार होतात. सफाई झाल्यावर आणि सामान यायच्या आधी अर्धा दिवस मागून ठेवायचा. राहायला आल्यावर कोण कशाला दार उघडेल?

आणि ते मोबाइलचे फोटो टाकून देऊ नका. मार्बल बसवण्याआधी स्लॅब जमिनीवर सुके मांडून, शिरा जुळवून नंबर टाकले असतील ना? त्याचा फोटो शोधा. अशा क्लायंटने आधी एखाद-दोन घरं केलेली असतात. कुठल्या जोडावर शीर तुटली, वॉर्डरोबच्या कुठल्या शटरचं व्हिनियर बाकीच्यांपेक्षा लाल निघालं, हे त्यांना पाठ असतं. एकाच ओंडक्याचे लागोपाठचे पापुद्रे वापरून बुकमॅच, म्हणजे उघड्या पुस्तकासारखी नक्षी समोरासमोर, केलंत, त्यासाठी शीट्स आधीच जास्तीच्या घेऊन ठेवल्यात, हे दाखवलंत तर त्यांना बरोबर कळतं. मात्र जुन्या क्लायंटने नको म्हटलंय, तेव्हा नुसत्या दगडाचा फोटोसुद्धा विचारूनच टाका.

लेन्सवेडा:
फोटोचा विषय निघालाच आहे तर: फुल फ्रेम कॅमेऱ्यावर २४ मिमीच्या खालची लेन्स लावू नका, कडेचा सोफा होडीसारखा ताणला जातो. कॅमेरा पातळीत ठेवा, नाहीतर उभ्या रेषा कलतात. आणि दुपारी सगळे दिवे लावून फोटो काढणं बंद करा. खिडकीतला उजेड निळा, २७०० केल्विनचे दिवे पिवळे, भिंतीला दोन रंग येतात.

फूटपट्टी:
हे कोणी विचारलं होतं?

लेन्सवेडा:
कोणी विचारत नाही, म्हणून तर फोटो तसे येतात.

निळा_दरवाजा:
माझ्या टीपॉयच्या पॉलिशवर पांढरट डाग पडलेत. इथे जाणकार दिसतात म्हणून विचारते.

दगडू:
@निळा_दरवाजा, ओल अडकली असणार. वेगळा धागा काढा, तिथे सांगतो.

जुनी_पाटी:
जाहिरातीने हे लोक येत नाहीत. आर्किटेक्ट पाठवतो तेव्हा येतात. थोडं अवांतर: न्यूयॉर्कच्या कॉलनी क्लबच्या सजावटीचं काम डेकोरेटर एल्सी डी वुल्फला १९०५ मध्ये मिळालं, तोवर ती रंगभूमीवरची नटी. इमारतीचा आर्किटेक्ट स्टॅनफर्ड व्हाइट तिच्या ओळखीचा, त्याने तिच्या बाजूने शब्द टाकला. क्लब बायकांचा, तोही श्रीमंत घरांतल्या. १९०७ मध्ये तो उघडला आणि तिथे येणाऱ्या प्रत्येकीने तिचं काम बसून, टेकून पाहिलं. पुढे उद्योगपती हेन्री क्ले फ्रिकच्या घरातल्या खासगी खोल्या तिने केल्या, खरेदीवर कमिशन घेऊन.

बेधडक:
बघा! कमिशन घेतलं. इथे कोणी तसं म्हटलं की सगळे नाकं मुरडतात.

फूटपट्टी:
फ्रिकला ते ठाऊक होतं हो. गुपचूप व्हेंडरकडून घेतलेल्या कमिशनबद्दल लोक नाकं मुरडतात. मोठ्या क्लायंटचा हिशेब बघणारा माणूस वेगळा असतो आणि तो त्याच दुकानात स्वतः फोन लावतो. बिल थेट क्लायंटच्या नावाने, आपली टक्केवारी करारात उघड.

बेधडक:
मग कमावणार काय, शुभेच्छा?

फूटपट्टी:
डिझाइन फी. ती वेगळी लावायला जीभ रेटत नाही म्हणून तर मार्जिन प्लायमध्ये लपवावं लागतं.

कोपरा_खोली:
मी जाहिरातीचं विचारलं होतं, इथे १९०५ साल चालू आहे. आणि आर्किटेक्टकडून आले होते बरं का एक जण, मार्चमध्ये. मोठा बंगला. मीटिंग छान झाली, दीड तास बोलले. त्याच रात्री जागून कोटेशन पाठवलं, स्क्वेअर फुटाप्रमाणे, वर पहिलं काम म्हणून १०% सूट. नंतर उत्तरच नाही. म्हणून म्हणते, त्यांना मोठी नावंच लागतात.

फूटपट्टी:
त्यांनी रेट विचारला होता?

कोपरा_खोली:
नाही.

फूटपट्टी:
सूट?

कोपरा_खोली:
नाही.

फूटपट्टी:
तुमची पहिली पोस्ट परत वाचा. लोक स्क्वेअर फुटाचा रेट विचारतात ही तुमची तक्रार. ज्या एका माणसाने विचारला नाही, त्याला तुम्ही रात्री जागून पाठवलात. दीड तास तो काय बोलला?

कोपरा_खोली:
आधीच्या घराबद्दल. डिझायनर पहिल्या दिवशी दिसला, नंतर ज्युनियर पाठवायचा. वडिलांची खोली वर केली, आता ते खाली उतरतच नाहीत. दिवे असे की जेवायला बसलं की सगळे आजारी दिसतात.

दगडू:
दिव्यांचं पटतं. सीआरआय (उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) ८० चे भरले असतील, ९० च्या वरचे घ्यायचे. पण ते नंतर. हे सगळं कागदावर यायला हवं होतं, ताई. वडिलांची खोली तळमजल्यावर. साइटवर दर आठवड्याला मी स्वतः, तारखेनिशी. वर्षाला अशी दोनच घरं घेते. तिघांची फर्म हे सांगू शकते, तीस जणांची नाही. मग डिझाइन फी, टप्पे, कुठल्या टप्प्याला कुठली ड्रॉइंग मिळणार. रेट सगळ्यात शेवटी, तोही बीओक्यू (कामाची आणि मालाची मोजमापांसह यादी) झाल्यावर.

बेधडक:
आणि दुप्पट.

जुनी_पाटी:
त्या आर्किटेक्टला फोन केलात का नंतर?

कोपरा_खोली:
नाही. लाज वाटली.

जुनी_पाटी:
उद्या करा. काम मागू नका, कुठे चुकलं तेवढं विचारा. बंगला अजून प्लिंथवरच, म्हणजे जोत्यापर्यंतच असेल कदाचित.

हळूबाई:
वाचनखूण साठवली आहे. माझंही अगदी हेच झालं होतं, सूट १५% होती.

कोपरा_खोली:
जाहिराती या महिन्यात थांबवल्या. आर्किटेक्टला फोन सकाळी करते. मार्बलचा फोटो सापडला. बारा स्लॅब, खडूने टाकलेले नंबर, शिरा सलग दिसतायत. जुन्या क्लायंटना पाठवला, 'हा चालेल' म्हणाले. फक्त एका कोपऱ्यात आमच्या साइटवाल्या मुलाची चप्पल आलीय. कापू का?

दगडू:
राहू द्या. दगडावर चढताना काढून ठेवली, हे दिसतंय त्यात.

लेन्सवेडा:
कापा. आणि फोटो दोन अंशांनी डावीकडे कललाय.