‘मला कळलं असतं तर’: दोन ‘असतं’ आणि एकच ‘वुड’

प्रश्न

मुलगी दहावीत आहे, मराठी माध्यमात. चाचणीत तिनं लिहिलं, ‘इफ आय वुड हॅव नोन, आय वुड हॅव कम.’ बाईंनी पहिल्या ‘वुड’भोवती लाल गोल काढलाय, दुसऱ्याला हात लावलेला नाही. मुलगी मला विचारते, ‘आई, मला कळलं असतं तर मी आले असते. दोन्हीकडे असतं-असते आहे, मग दोन्हीकडे वुड का नको?’ मला सांगता येईना. इंग्रजीतल्या जर-तरच्या वाक्यांचे झिरो, फर्स्ट, सेकंड, थर्ड हे चारही प्रकार तिला तोंडपाठ आहेत, तरी वाक्य करताना चुकतं. कुणी समजावून सांगेल का?

उत्तर

ताई, मुलीचं मराठी पक्कं आहे म्हणूनच ही चूक झाली. घडायचं राहून गेलेल्या गोष्टीबद्दल बोलताना आपण ‘असतं’ दोन्ही वाक्यांत लावतो, जरच्याही आणि तरच्याही. व्याकरणात या रूपाला संकेतार्थ म्हणतात. संकेत म्हणजे इथे खूण नव्हे, अट. इंग्रजीत ‘वुड’ फक्त तरच्या बाजूला बसतो. जरच्या बाजूचं क्रियापद नुसतं एक पायरी मागच्या काळात सरकवायचं. म्हणून ‘इफ आय हॅड नोन, आय वुड हॅव कम.’

शिकवणीत मी प्रकारांचे आकडे नंतर सांगतो. आधी फळ्यावर दोन म्हणी लिहितो.

पहिली, ‘असतील शिते तर जमतील भुते’. दोन्हीकडे भविष्यकाळ. त्यामुळे मुलं हमखास ‘इफ देअर विल बी राइस’ लिहितात. इंग्रजीत अटीच्या बाजूला साधा वर्तमानकाळ येतो: ‘इफ देअर इज राइस, द घोस्ट्स विल गॅदर.’ आता रोजच्या बोलण्यातलं वाक्य घ्या, ‘उद्या पाऊस पडला तर सहल रद्द होईल.’ पाऊस उद्याचा, पण रूप ‘पडला’, म्हणजे दिसायला भूतकाळ. ते जसंच्या तसं उचलून ‘इफ इट रेन्ड’ लिहिलं, तर वाचणाऱ्याला वाटतं की पाऊस येईल असं लिहिणाऱ्याला फारसं वाटत नाही. आपल्या मनात तसं काहीच नसतं. उद्याची खरीखुरी शक्यता असेल तर ‘इफ इट रेन्स, द ट्रिप विल बी कॅन्सल्ड.’

दुसरी म्हण, ‘आत्याबाईला मिशा असत्या तर तिला काका म्हटलं असतं’. आत्याबाईला मिशा नाहीत, आजही नाहीत. गोष्ट आजची, पण खरी नाही, म्हणून इंग्रजी क्रियापद एक पायरी मागे जातं: ‘इफ आँट हॅड अ मुस्टॅश, वी वुड कॉल हर अंकल.’ इथला ‘हॅड’ भूतकाळ दाखवत नाही, ‘असं नाहीये’ एवढंच सांगतो. हे एकदा डोक्यात बसलं की निम्मं काम झालं.

खरी अडचण यापुढे आहे आणि तिच्यावर वर्गात फार कमी वेळ दिला जातो. ‘माझ्याकडे पैसे असते तर मी ती जमीन घेतली असती.’ हे वाक्य कधीचं? जमीन आज विकायला आहे आणि हात रिकामे आहेत, तरी हेच वाक्य. जमीन दहा वर्षांपूर्वी दुसऱ्यानं घेतली, तरी हेच. मराठीत आपण ते बोलण्याच्या संदर्भावरून समजून घेतो. इंग्रजीत तसं सोडून देता येत नाही, काळ ठरवावाच लागतो. आजची गोष्ट असेल तर ‘इफ आय हॅड मनी, आय वुड बाय दॅट लँड.’ संधी गेलेली असेल तर ‘इफ आय हॅड हॅड मनी, आय वुड हॅव बॉट दॅट लँड.’ हे दोन ‘हॅड’ पाहून मुलांना वाटतं चुकून दोनदा लिहिलं गेलं, आणि ती एक खोडतात. पहिला ‘हॅड’ मदतीला आलेला, दुसरा ‘जवळ असणे’ या मूळ क्रियापदाचा. दोन्ही हवेत.

तेव्हा मुलीला सांगा, वाक्य इंग्रजीत करण्याआधी स्वतःला विचार: हे अजून घडू शकतं का? नसेल, तर गोष्ट आजची की होऊन गेलेली? ती ज्यांना सेकंड आणि थर्ड म्हणते, त्यांच्यातला फरक एवढाच.

झिरोसाठी आपल्याकडे ‘की’ आहे. ‘चहात लिंबू पिळलं की रंग फिका होतो.’ दर वेळी होतं, म्हणून इंग्रजीत दोन्हीकडे साधा वर्तमानकाळ.

आणि एक. आपण ‘जर’ खुशाल गाळतो, ‘तर’ सोडत नाही. इंग्रजीत उलट, ‘इफ’ सहसा ठेवतात आणि ‘देन’ बहुतेक वेळा गाळतात. प्रत्येक वाक्यात ‘देन’ घालायची सवय मोडायला हवी. ‘इफ’चं वाक्य आधी आलं तर मधे स्वल्पविराम, नंतर आलं तर सहसा नाही.

आणखी एक शंका

सर, ‘अनलेस’ही इथेच सांगा ना. ‘तू अभ्यास केला नाहीस तर पास होणार नाहीस’ याचं मी ‘अनलेस यू डोन्ट स्टडी, यू विल नॉट पास’ केलं, ते चूक ठरलं. शिवाय न्यू जर्सीतला माझा मावसभाऊ सांगतो की तिथे ‘इफ आय वुड हॅव नोन’ सर्रास कानावर पडतं.

उत्तर

‘अनलेस’च्या पोटातच ‘नाही’ आहे. ‘इफ यू डोन्ट’ म्हणा किंवा ‘अनलेस यू’ म्हणा. तुमच्या वाक्यात नकार दोनदा आला आणि अर्थ उलटला: अभ्यास केलास तर नापास होशील! ‘अनटिल’चंही तसंच. आपण म्हणतो, ‘तो येत नाही तोपर्यंत थांब’, म्हणून ‘वेट अनटिल ही डझन्ट कम’ तोंडातून जातं. हवं ते ‘वेट अनटिल ही कम्स’.

मावसभाऊ म्हणतो ते खरं आहे. अमेरिकेत बोलताना ‘इफ आय वुड हॅव’ ऐकू येतं. पण लिखाणात तिथेही ते चूक धरतात, आणि आपल्या परीक्षेत तर गुण जाणारच.

मूळ प्रश्न विचारणाऱ्या ताई

सर, खूप आभार. रात्री तिनं स्वतःहून एक वाक्य केलं, ‘इफ आजी वेअर हिअर, शी वुड मेक पुरणपोळी.’ माझ्या सासूबाई गेल्या वर्षी गेल्या. मला वाटलं ‘वॉज’ हवं होतं, आणि ‘केली असती’ आहे म्हणून ‘वुड हॅव मेड’. तिनं ऐकलं नाही, म्हणाली सरांना विचार.

उत्तर

तिचंच ठेवा. बोलताना ‘इफ शी वॉज’ चालतं, परीक्षेत ‘वेअर’ लिहावं. आणि ‘वुड मेक’च बरोबर आहे, कारण ती आजच्या पोळीबद्दल बोलतेय.