मदत हवी आहे: गायरानात तीन वर्षं चराईबंदी, मातीतले सूक्ष्मजीव सुधारले का हे कसं तपासायचं?

बालाघाटकर: पाटोदा तालुक्यातलं गायरान. मुरमाड उतार, माती जेमतेम वीतभर. तीन पावसाळे आत जनावर नाही. मारवेल, पवन्या ही चाऱ्याची गवतं परत आली, टोचरी कुसळं धरणारी कुसळीही भरपूर. पण माती तपासणीत सेंद्रिय कर्ब (कुजलेल्या काडीकचऱ्यातला कार्बन) होता तेवढाच. शेळ्या-मेंढ्यावाले उघडा म्हणतात, दिवाळीनंतर ग्रामसभेत विषय येईल. मातीत जीव आला की नाही हे कशावरून ठरवायचं? आणि बंदी पुढे ठेवावी का?

मृदमित्र: कर्बाचा एकूण आकडा इतक्यात हलत नाही. त्यातला जिवंत भाग साधारण 1 ते 5 टक्के, आणि बदल आधी तिथे दिसतो. नेहमीच्या तपासणीत तो येत नाही. परभणीला कृषी विद्यापीठात चौकशी करताना नाव घेऊन विचारा: सूक्ष्मजीव जैवभार कर्ब (जिवंत सूक्ष्मजीवांच्या शरीरातला कर्ब, क्लोरोफॉर्म धुरी पद्धतीने), मातीचं श्वसन (मातीतून सुटणारा कार्बन डायऑक्साइड), डिहायड्रोजनेज (सूक्ष्मजीव किती कामात आहेत ते दाखवणारं विकर). प्रयोगशाळेत प्लेटवर वाढवलेल्या जीवाणूंच्या नुसत्या वसाहती मोजून घेऊ नका, मातीतले बहुतेक जीवाणू तिथे वाढतच नाहीत.

नमुना घेतानाच खरी गडबड होते. आतल्या प्रत्येक जागेला बाहेरची जोडी हवी: तोच उतार, तीच मातीची खोली. अशा निदान तीन जोड्या. प्रत्येक जागी 10-12 ठिकाणची माती एकत्र करा, पण 0-5 सेंमी आणि 5-15 सेंमी वेगळी ठेवा, कारण फरक वरच्या थरात असतो आणि मिसळलं की पुसला जातो. शेणाचा पो, बाभळीची सावली, वारूळ टाळा. नेहमीच्या तपासणीसाठी आपण माती सावलीत वाळवतो, ते इथे अजिबात करू नका. ओलसर मातीच बर्फाच्या डब्यात, 4 अंशांच्या आसपास, एक-दोन दिवसांत पोचवा. वेळ सप्टेंबरअखेर, वाफसा असताना (माती ओलसर, पण चिखल नाही). कोरड्या मातीवर पाऊस पडला की काही दिवस श्वसन एकदम उसळतं, त्या दिवसांतला आकडा फसवा असतो.

कुरण_चारा: बंदीबद्दल माझं मत स्पष्ट आहे: उजाड गायरानाला ती हवीच, पण कायमची नको. सुरुवातीला मुळं वाढतात, मुळांतून झिरपणाऱ्या साखरेवर जीवाणू पोसले जातात, खुरांनी दडपलेली माती मोकळी होऊन हवा खेळते. पुढे चित्र पालटतं. शेण-मूत्र बंद, म्हणजे चटकन मिळणारं नत्र (नायट्रोजन) बंद. मागे राहतं वाळकं काड, कर्ब भरपूर आणि नत्र कमी. ते कुजवायला बुरशी पुढे येते आणि सूक्ष्मजीव मातीतलं नत्र स्वतःकडे ओढतात. उभं वाळलेलं गवत तर मातीला टेकतच नाही, ते तसंच उन्हात राहतं आणि उन्हाळ्यात वणव्याला आयतं सापडतं.

हिमाचलातल्या स्पितीत बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेने कुंपण घालून 16 वर्षं निरीक्षणं घेतली. चरणारी जनावरं बाहेर ठेवलेल्या जागेत मातीतल्या कर्बाचे चढउतार जास्त निघाले, आणि त्यात नत्राचा वाटा मोठा होता. तिथला थंड प्रदेश आणि आपला माळ सारखे नाहीत, पण नत्राचा मुद्दा इथेही लक्षात घ्यावा.

गायरानाचे चार भाग पाडा. दरवर्षी एक भाग बी झडेपर्यंत पूर्ण बंद. बाकीच्यांत आळीपाळीने जनावरं सोडा आणि 10-15 सेंमी गवत उरलं की बाहेर काढा. माती चिखलात असताना कुणालाच सोडू नका. कुसळी असलेल्या भागात कुसळं धरायच्या आत कापणी करा. शेळ्यांना आयव्हरमेक्टिन हे जंतांचं औषध दिलं असेल तर निदान दोन आठवडे आत नको. ते लेंड्यांतून बाहेर पडतं आणि शेणकिड्यांच्या अळ्या मारतं.

बालाघाटकर: फार मोलाची माहिती, दादा. परभणीचा अहवाल हातात येईपर्यंत गावकऱ्यांना डोळ्यांनी दिसेल असं काही करता येईल का?

मृदमित्र: येईल. शंभर टक्के सुती, न रंगवलेलं कापड धुऊन 10 × 10 सेंमीचे तुकडे कापा. वाळवून वजन करा, नायलॉनच्या दोऱ्याने खूण बांधा, 8 सेंमी खोल पुरा. आत पाच, बाहेर पाच, जोडीच्या जागांवर. जमिनीत ओल असतानाच, दोन महिने. काढल्यावर माती हलक्या हाताने धुवा, वाळवा, पुन्हा वजन करा. जिथे जास्त घटलं तिथे कुजवणारे जास्त कामात. फक्त वाळवी ओळखा: सगळीकडे विरळ झालेलं कापड सूक्ष्मजीवांचं काम, ठरावीक जागी कुरतडलेली भोकं आणि मातीचे पापुद्रे दिसले तर वाळवीचं. असा तुकडा हिशोबातून काढा, म्हणून आधीच दोन-दोन जास्तीचे पुरून ठेवा.